झाडावर चार तास, कंबर न मोडता: ट्री सॅडल अंगाला कसं बसवायचं

मिशिगन, ओहायो, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया या पट्ट्यात ऑक्टोबर लागला की धनुष्यबाण घेऊन व्हाइटटेल हरणाच्या मागे जाणारी मंडळी झाडांवर चढू लागतात. पूर्वी ती धातूच्या मचाणावर बसायची. आता त्यातले बरेच जण सॅडलमध्ये, म्हणजे झाडाला दोराने अडकवलेल्या कमरेच्या रुंद पट्ट्यात, लटकतात. डेट्रॉइटच्या आसपास आपली मराठी माणसंही या नादाला लागलेली दिसतात. ऑफिसातल्या एखाद्या सहकाऱ्याने एकदा हौसेने सोबत नेलं आणि मग ते वेड सुटलंच नाही, अशी बहुतेकांची कथा. नवख्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "त्या पट्ट्यात चार तास बसवतं तरी का?"

बसवतं. पण कुरियरने आलं, कमरेला बांधलं आणि चढलो, असं केलंत तर अर्ध्या तासात खाली उतरावंसं वाटेल. मग माणूस सॅडलला शिव्या देतो, ते विकतो आणि दीडपट महाग दुसरं घेतो. माझं मत विचाराल तर बहुतेक दुखण्यांचं मूळ सॅडलच्या कापडात नसतं. ते दोन दोरांच्या लांबीत असतं आणि ती लांबी फुकटात बदलता येते. म्हणून या लेखात कोणती कंपनी चांगली यापेक्षा काय, कुठे, किती सरकवायचं यावर भर आहे.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा: आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. खाली लिहिलेलं सगळं अमेरिकेतल्या परवानाधारक शिकारीपुरतंच. इथेही परवाना लागतोच. मिशिगनमध्ये १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्याआधी हंटर सेफ्टीचा कोर्स करावा लागतो. तो टाळायच्या वाटा शोधू नका, उपयोगाचा असतो.

सामानाची ओळख

सॅडल म्हणजे कमरेमागून आणि नितंबांखालून येणारा कापडाचा किंवा जाळीचा रुंद पट्टा, बाळाच्या झोळीसारखा. त्याच्या दोन्ही टोकांना, साधारण कमरेच्या हाडांपाशी, जाड शिवलेल्या लूप असतात. एका लूपपासून दुसऱ्या लूपपर्यंत पोटासमोरून जाणारा दोर म्हणजे ब्रिज. झाडाला वेढा घालून तुमच्याकडे येणारा दोर म्हणजे टेदर. टेदरवर प्रुसिकची गाठ असते (मोकळी असली की सरकते, वजन आलं की दोर घट्ट पकडते), गाठीत कॅराबिनर, म्हणजे कुलूप असलेली धातूची कडी, आणि कॅराबिनर ब्रिजमध्ये अडकवलेला. प्रुसिक टेदरवर वर-खाली सरकवला की तुम्ही झाडाच्या जवळ किंवा लांब जाता. पायाखाली फूट-सव्वा फुटाचा प्लॅटफॉर्म. चढण्यासाठी तीन-चार क्लाइंबिंग स्टिक, म्हणजे खोडाला बांधायच्या छोट्या शिड्या. चढता-उतरताना खोडाभोवती घ्यायचा तो लाइनमन्स बेल्ट. त्याच्यासाठी सॅडलच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या छोट्या लूप असतात.

मचाणावर पाठ झाडाला आणि तोंड रानाकडे असतं. इथे उलटं, तोंड झाडाकडे. हरीण आलं की खोडाच्या आडून डोकावायचं. मिशिगनचे जॉन एबरहार्ट १९८१पासून असंच लटकून शिकार करत आले आहेत, म्हणजे कल्पना काही कालची नाही. पण टेदर्ड ही कंपनी २०१८ साली आल्यावर आणि व्हिडिओंचा पूर लोटल्यावर ती घरोघरी पोचली.

सॅडल दोन प्रकारची. एकाच रुंद पट्ट्याचं ते सिंगल पॅनेल: हलकं, घडी लहान, चालताना अंगावर असल्याचं जाणवतही नाही. दोन पट्ट्यांचं ते टू पॅनेल: एक पट्टा कमरेमागे, दुसरा नितंबांखाली, आणि दोन्ही हवे तसे फाकवता येतात. ज्याची कंबर आधीपासून कुरकुरते, खुर्चीत आठ तास बसून ज्याची नोकरी होते, त्याने सरळ टू पॅनेल घ्यावं. वजन थोडं जास्त पडतं, पण ते उचलण्यापेक्षा तिथे बसण्यातच जास्त वेळ जाणार आहे.

माप जीन्सचं नको

पँटवर ३४ लिहिलंय म्हणून ३४च्या खान्यातलं सॅडल मागवलं, हा प्रकार फार चालतो. कमरेचा आणि नितंबांचा घेर यांत चांगला चार-सहा इंचांचा फरक असतो, आणि नोव्हेंबरात त्यावर थर्मल, लोकरीची पँट, बाहेरची जाड पँट असे थर चढतात. म्हणून ज्या कपड्यांत सर्वांत थंड दिवशी बसणार ते सगळे अंगावर चढवा, टेप नितंबांच्या सर्वांत रुंद जागेवरून फिरवा आणि तो आकडा कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा. काही कंपन्या कमरेचं माप मागतात, काही नितंबांचं. तक्त्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या, तिथेच गफलत होते.

बरोबर मापाचं सॅडल अंगावर घेऊन ब्रिज पुढे ताणला की लूप कमरेच्या हाडांच्या किंचित पुढे यायला हव्यात. त्या कुशीतच अडकल्या तर सॅडल लहान आहे आणि ते दोन्ही बाजूंनी आवळणार. त्या पोटासमोर एकमेकींना भेटायला निघाल्या असतील तर मोठं आहे. कापड मागे नीट बसणार नाही आणि तुम्ही खाली घसरत राहाल. दोन मापांच्या मधे असाल तर मी मोठं घ्या म्हणेन, पण लूप कुठे येतात ते पाहूनच.

वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ३०० पौंड, म्हणजे साधारण १३६ किलो असते. त्यात कपडे, बूट, पाठीवरची पिशवी सगळं धरायचं.

पहिला महिना जमिनीवर

ऑगस्टमध्ये सुरुवात करा. घरामागच्या अंगणात एखादं सरळ मेपल किंवा ओक असेल तर उत्तम. पुढच्या अंगणात नको. एचओएचं (इथल्या वसाहतीच्या सोसायटीचं) पत्र येण्याआधी शेजारच्या आजीच पोलिसांना फोन करतील. प्लॅटफॉर्म जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा, म्हणजे काहीही चुकलं तरी पाय टेकतो. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुष्कळ झाली. मग अर्धा तास, मग तास, मग धनुष्य हातात घेऊन, मग थंडीचे कपडे घालून. ऑगस्टच्या उकाड्यात लोकरीची पँट घालून लटकणं विनोदी दिसतं, पण ब्रिजची लांबी त्याच कपड्यांत ठरवायची आहे.

एक सराव आवर्जून करा. प्लॅटफॉर्मवरून मुद्दाम पाय सोडा, सॅडलमध्ये पूर्ण लटका आणि मग पुन्हा प्लॅटफॉर्मवर या. वीस फुटांवर पाय घसरला तर हेच करायचं असतं, आणि फूटभर उंचीवर एकदा केलेलं असलं की घबराट होत नाही.

कपड्यांचंही इथेच उरकून घ्या. मागच्या खिशातलं पाकीट, गाडीची किल्ली, फोन काढून टाका. पँटचा पट्टा काढा. बक्कल बरोबर सॅडलच्या काठाखाली येऊन पोटात रुततं. पँट घसरत असेल तर गॅलिस लावा. थर्मलची चुणी नितंबाखाली राहिली तर पहिल्या दहा मिनिटांत काही कळत नाही आणि तासाभराने तिथे सुतळी बांधल्यासारखं वाटतं. सॅडल चढवल्यावर दोन्ही हात मागून कापडाखाली घालून कपडे खाली ओढून सपाट करायचे, मग वजन टाकायचं.

सॅडल अंगावर कुठे बसतं

वरचा काठ साधारण पँटच्या पट्ट्याच्या रेषेत आणि खालचा काठ नितंब संपून मांडी सुरू होते तिथे, ही सुरुवातीची जागा. रेलून उभे राहणार असाल तर एवढं पुरतं. बसायचं असेल तर खालचा काठ दोन-तीन बोटं आणखी खाली, मांडीवर ओढून घ्या. तो मांडीच्या मध्यापर्यंत नेलात तर मात्र पायांना मुंग्या येतील.

टू पॅनेल असेल तर आधी खालचा पट्टा जागेवर न्या, त्यावर वजन टाका आणि मग वरचा कमरेच्या खळगीत सरकवा. दोघांमधे फार मोठी फट पडू देऊ नका, नाहीतर मधून अंग बाहेर येतं आणि दोन्ही काठ काचतात.

कमरेचा बक्कलवाला पट्टा चालताना सॅडल खाली पडू नये म्हणून असतो. वर पोचून वजन ब्रिजवर गेलं की तो थोडा सैल करा. उघडायचा नाही, सैल करायचा. एवढ्या एका गोष्टीने कित्येकांची कमरेवरची ओरड थांबते. पायांचे पट्टेही तसेच: तळहात सपाट आत जाईल इतके सैल. ते वजन पेलण्यासाठी नसतात, सॅडल वर सरकू नये म्हणून असतात. जांघेत काच बसत असेल तर पहिला संशय त्यांच्यावर.

ब्रिज: सगळं दुखणं इथे

सॅडलवाल्यांची सर्वांत जुनी तक्रार म्हणजे हिप पिंच. कमरेची दोन्ही हाडं कोणीतरी सांडशीत धरल्यासारखी दाबली जातात. त्यामागे साधं भूमितीचं कारण आहे.

ब्रिज तुमच्या समोर त्रिकोण करतो. शेंड्यावर कॅराबिनर, पायथ्याला दोन लूप. दोर वजन वर उचलतो, पण तिरका असल्यामुळे लूपना एकमेकींकडेही ओढतो, आणि मधे तुमची हाडं. ब्रिज जितका आखूड, तितका त्रिकोण बसका आणि तितकी आतली ओढ जास्त. समजा तुमचं ८० किलो वजन पूर्ण ब्रिजवर आलंय आणि दोन लूपमधे १४ इंच अंतर आहे. ब्रिज २४ इंचांचा असेल तर दोन्ही बाजूंनी सुमारे २९ किलोचा दाब पडतो. तोच ब्रिज ३६ इंचांचा केला तर दाब १७ किलोंवर येतो. सॅडल तेच, माणूस तोच. प्रत्यक्षात काही वजन पायांवर असतं, त्यामुळे आकडे कमी होतील, पण प्रमाण हेच राहतं.

म्हणजे ब्रिज लांबच लांब करायचा का? नाही. फार लांब ब्रिजने कॅराबिनर तुमच्यापासून दूर, कपाळाच्या वर जातो, प्रुसिकपर्यंत हात पोचत नाही आणि धनुष्य ओढताना दोर नेमका कोपराच्या आड येतो. सुरुवातीला ब्रिज असा ठेवा की हाताने बेंबीसमोर ताणून धरला तर शेंडा पोटापासून दीड वीत लांब राहील. वजन टाकून पाच मिनिटं थांबा. हाडं दाबतायत असं वाटलं तर दोन इंच वाढवा. पुन्हा पाच मिनिटं. लटकलेल्या अवस्थेत हात सहज कॅराबिनरला आणि प्रुसिकला पोचला पाहिजे, ही वरची मर्यादा. त्यापुढे जायचं नाही.

ब्रिजची लांबी त्याच्यावरच्या सरकत्या गाठीने बदलते; वजन त्यावर असताना त्या गाठीशी झटापट करू नका. प्लॅटफॉर्मवर पूर्ण उभे राहा, एका हाताने खोडाला मिठी मारा, ब्रिज ढिला पडू द्या. मग दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गाठीच्या वळ्यांवर ठेवून त्यांना आधी जरा मोकळं करा, आणि गाठ अख्खी सरकवा. शेपटीला ओढून ती सरकत नाही, उलट आवळते. सरकवून झाल्यावर वळी पुन्हा एकमेकींशेजारी नीट बसली का हे बोटाने चाचपून पाहा आणि मगच हळूहळू वजन टाका. बदलता येणाऱ्या ब्रिजच्या मोकळ्या टोकाला अडवणारी गाठ किंवा शिवलेलं टोक असतं. ते शाबूत असल्याशिवाय त्या ब्रिजवर लटकू नये.

हवी ती लांबी सापडली की दोरावर काळ्या मार्करऐवजी रंगीत दोऱ्याची खूण बांधा. पहाटे पाचच्या अंधारात मार्कर दिसत नाही. दोरा बोटांना लागतो.

टेदर किती उंच

प्लॅटफॉर्मवर उभं राहून कपाळाच्या उंचीवर टेदर बांधा, ही सुरुवात. मग चार-चार इंच वर-खाली करून पाहा. टेदर उंच बांधला की ओढ वरच्या दिशेने येते, पायांवरचं वजन सॅडलवर जातं, बसल्यासारखं वाटतं. खाली बांधला की ओढ खोडाच्या दिशेने येते आणि पायांवर भार वाढतो. तळपाय दुखत असतील तर टेदर वर; नितंब बधिर होत असतील तर खाली.

प्रुसिक खोडाच्या जवळ आणला तर तुम्ही ताठ उभे राहता, लांब नेला तर मागे रेलता. रेलून उभं राहणारे आणि गुडघे खोडाला टेकवून बसणारे असे दोन पंथ आहेत आणि त्यांचे वाद संपत नाहीत. मला तो वाद फिजूल वाटतो. दोन्ही यायला हवं, कारण लांब बैठकीत आराम मिळतो तो बदलातून. वीसेक मिनिटांनी बसल्यावरून उभं राहा, उभ्यावरून एक कूस रेला, मग पुन्हा बसा. प्रत्येक बदल आधी आजूबाजूला नजर फिरवून, संथपणे. हरणाला रंगापेक्षा हालचाल आधी दिसते. अंग अवघडलेला शिकारी दर दोन मिनिटांनी चुळबुळतो आणि नेमका त्यातच सापडतो.

काहीही केलं तरी टेदर ढिला लोंबू द्यायचा नाही आणि त्याच्या बांधलेल्या जागेपेक्षा वर चढायचं नाही. हे दोर ताणलेले असताना धरण्यासाठी आहेत. त्यावर चार फूट पडून झटका घेण्यासाठी नाहीत.

पाय आणि गुडघे

प्लॅटफॉर्म बसवताना बाहेरचा काठ किंचित वर ठेवा. वजन पडलं की तो दाबून सपाट होतो. बूट कडक तळव्याचे हवेत. मऊ रनिंग शूज घालून प्लॅटफॉर्मच्या काठावर तासभर उभं राहिलात तर पायाच्या कमानीत ओळ उमटते. रेलताना गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ ठेवू नका, किंचित वाकवा.

बसायचं तर नीपॅड घ्याच. हिकरीची किंवा जुन्या ओकची साल गुडघ्याला कशी लागते हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. पायाला बांधायचे नसतील तर फोमचा जाड तुकडा दोरीने खोडाला बांधला तरी चालतो.

पाठीमागचा बॅकबँड ऐच्छिक आहे. टेदरला अडकवून खांद्यांमागून घेतला की मान आणि पाठ त्यावर टाकता येते, दिवसभराच्या बैठकीत स्वर्ग. पण तो फक्त टेकण्यासाठी. जीव त्याच्यावर टांगायचा नसतो.

झाड निवडणं हाही आरामाचाच भाग

नवख्याने सरळ, जिवंत आणि साधारण १० ते १८ इंच जाडीचं झाड बघावं. फार बारीक झाड वाऱ्यात हलतं आणि गुडघे दोन्हीकडून घसरतात. फार जाड असलं तर आडून डोकावायला खोडाभोवती खूप फिरावं लागतं. शॅगबार्क हिकरीची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते आणि प्रत्येक हालचालीला करकर वाजते. ॲशची झाडं तर सोडूनच द्या. एमराल्ड ॲश बोरर हा किडा २००२ साली आग्नेय मिशिगनमध्ये सापडला आणि तेव्हापासून त्याने रानंच्या रानं वाळवली. असं झाड उभं दिसतं, पण आतून ठिसूळ असतं. साल सुटलेली, शेंड्याला पानं नसलेली झाडं चढायची नाहीत, आणि त्यांच्या शेजारच्या झाडावरही बसायचं नाही.

उजव्या हाताने धनुष्य ओढणाऱ्याला झाडाकडे तोंड केल्यावर डावीकडचा नेम सोपा जातो. म्हणून हरणाची वाट तुमच्या डाव्या हाताला येईल अशा बाजूने झाडावर बसा. डावखुऱ्यांनी उलट. दिवसभर अंग पिळवटून उजवीकडे बघत बसलात तर सगळं नीट लावलेलं सॅडलही दुखणारच.

सार्वजनिक जमिनीवर झाडात खिळे किंवा स्क्रू मारायला बऱ्याच राज्यांत बंदी असते, पट्ट्याने बांधायच्या स्टिकच वापरा. मिशिगनचं डीएनआर (नैसर्गिक संसाधन खातं) दरवर्षी नियमांची पुस्तिका काढतं. ती मोसमाआधी वाचून घ्या, कारण नियम बदलतात.

वर जाताना, खाली येताना

पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंत दोनांपैकी एक दोर झाडाला असलाच पाहिजे. चढताना लाइनमन्स बेल्ट. वर पोचून प्लॅटफॉर्म बसवला की टेदर बांधा, ब्रिजमध्ये अडकवा, कॅराबिनरचं कुलूप फिरलं का हे डोळ्यांनी पाहा, वजन टाकून तपासा. त्यानंतरच लाइनमन्स बेल्ट सोडा. धनुष्य आणि पिशवी खाली ठेवून जायची आणि मागून दोरीने ओढून घ्यायची.

पंधरा-अठरा फूट उंची पुरते. वर जाल तितका नेम उभा लागतो आणि उतरणं लांबतं.

दुखतंय कुठे, त्यावरून

कमरेची हाडं दाबली जात असतील तर ब्रिज वाढवा आणि कमरेचा पट्टा सैल करा. मांडीखाली बधिर होत असेल तर खालचा काठ वर घ्या. कमरेच्या खळगीत कळ येत असेल तर वरचा काठ बहुधा घसरून खाली आलाय. तो वर ओढा, तेवढ्याने भागलं नाही तर बॅकबँड. जांघेत काच असेल तर पायांचे पट्टे. गुडघ्यांवर फार भार येत असेल तर थोडा वेळ उभे राहा, आणि पुढच्या वेळी टेदर थोडा खाली बांधून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम हलवल्या की कशाने बरं वाटलं ते कळत नाही.

हे सगळं करून, चार-पाच बैठकांनंतरही तीच जागा तशीच दुखत असेल तर मग मात्र सॅडलचं माप किंवा घाट तुमच्या अंगाला मानवत नाही असं समजा. तेव्हा बदला. विकत घेण्याआधी कोणाचं तरी मागून अर्धा तास लटकून पाहता आलं तर सोन्याहून पिवळं. इथले लोक याबाबतीत उदार असतात.

थंडी

नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे हरणांच्या माजाचे. नर दिवसाढवळ्या फिरतात आणि लोक पहाटेपासून संध्याकाळपर्यंत झाडावर राहतात. मिशिगनमध्ये १५ नोव्हेंबरला बंदुकीचा मोसम उघडतो, ग्रामीण भागातल्या बऱ्याच शाळांना त्या दिवशी सुट्टी असते. त्या मोसमात धनुष्यवाल्यांनाही केशरी रंग घालावा लागतो, तो सॅडलच्या आणि पट्ट्यांच्या वर, दिसेल असा घाला.

सॅडलमध्ये गारठा नितंबांकडून आणि कमरेकडून शिरतो, कारण कापडाखाली जॅकेटमधलं भरण दाबलं जातं आणि दाबलेलं भरण ऊब धरत नाही. जॅकेट सॅडलच्या आत खोचू नका, वर मोकळं सोडा. आत लोकर असू द्या, ती दाबली तरी बरीच ऊब राखते. जाड कपड्यांनी ब्रिजचा त्रिकोणही बदलतो, म्हणून थंडीसाठी दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याची वेगळी खूण ठेवा.

उतरण्याआधी

तीन तास लटकल्यावर लगेच स्टिकवर पाय टाकू नका. प्लॅटफॉर्मवर उभे राहा, टाचा वर-खाली करा, एकेक पाय झटका, बोटांत जीव येऊ द्या. धनुष्य आधी दोरीने खाली सोडा. डोक्यावरचा दिवा लावा, लाइनमन्स बेल्ट खोडाभोवती घ्या, तो तपासा, मग टेदर सोडा.

घरी आल्यावर ओलं सॅडल गाडीच्या डिकीत टाकून देऊ नका, सावलीत वाळवा. दोर बोटांमधून सरकवत टोकापर्यंत तपासा. कुठे लव आली असेल, कडकपणा किंवा सपाट झालेली जागा लागली, तर तो दोर बदला. ब्रिज कॅराबिनरखाली जिथे घासतो ती जागा सर्वांत आधी जाते. दुसऱ्याने वापरलेलं सॅडल एक वेळ घ्या, पण त्याचे दोर घेऊ नका. आणि गॅरेजमध्ये ठेवणार असाल तर झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, उंदीर पोचणार नाहीत असं.